फुंकरीतच संशोधन बिघडते

संपादक महोदय,

हिवाळ्यात मुंबईची हवा धुळकट झाली की दमा आणि सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा आजार) यांवरील संशोधनाची चर्चा रंगते. औषधावर बोलतात सगळे; फुफ्फुसांची क्षमता मोजणाऱ्या स्पायरोमेट्रीकडे मात्र कोणी पाहत नाही. आकडे बिघडतात ते तिथेच.

यंत्र दररोज ३ लिटरच्या सिरिंजने तपासावे. फरक ३ टक्क्यांच्या आत हवा. रुग्णाची उंची चपला काढून मोजावी, कारण अपेक्षित आकडा त्यावरूनही ठरतो. नाकाला चिमटा, ओठ घट्ट, छाती भरून श्वास आणि मग एका दमात जोरदार फुंकर. सुरुवात कचरत झाली किंवा पहिल्याच सेकंदात खोकला आला की ती फुंकर बाद. नीट झालेल्या किमान तीन हव्यात आणि त्यांतल्या सर्वोत्तम दोघींत बाहेर पडलेल्या हवेत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त अंतर नको. आठ प्रयत्नांनंतर थांबावे. दमलेला माणूस काय फुंकणार!

सर्वांत मोठा घोळ इनहेलरचा. साल्ब्युटामॉल हे श्वासनलिका मोकळ्या करणारे इनहेलरमधले औषध चाचणीआधी चार ते सहा तास बंद असावे लागते. सकाळी लोकल पकडण्याआधी दोन पफ घेतले, तर नवे औषध देण्याआधीचा आकडाच फुगतो आणि नव्या औषधाचा गुण दिसत नाही. हे आदल्या दिवशी फोन करून मराठीत सांगावे. संमतीपत्राच्या बाराव्या पानावर कोण वाचतो?

औषधचाचणीत नाव घालणाऱ्यांनी सीटीआरआयचा (देशातल्या औषधचाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक आणि संमतीपत्राची प्रत मागून घ्यावी.

– एक स्पायरोमेट्री तंत्रज्ञ, परळ, मुंबई