गाण्याचे रिॲलिटी शो बघण्यात लाजायचं काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांना नावं ठेवणारी पत्रं अधूनमधून वाचायला मिळतात. सगळं स्क्रिप्टेड असतं, नुसती रडारड असते, परीक्षक ऊठसूट उभे राहून टाळ्या वाजवतात वगैरे. त्यातलं बरंचसं खरंय, मी नाही म्हणतच नाही. पण म्हणून हे शो बघणारे सगळे बावळट, असा जो एक सूर असतो ना त्या पत्रांचा, तो काही पटत नाही म्हणून लिहायला बसले.

मी हे शो गाणं शिकायला बघत नाही आणि उद्याची लता शोधायला तर मुळीच नाही. मी बघते कारण दिवसभर डोक्याचा भुगा झालेला असतो आणि मला शांत बसायचं असतं. आता शांत बसायला टीव्हीवर दुसरं आहे काय? बातम्या लावल्या की आठ चौकटींमधून आठ जण एकाच वेळी ओरडणार, आणि मालिका बघायची तर कोणी कोणाविरुद्ध कट केला हे लक्षात ठेवावं लागतं, एक भाग चुकला की संपलं. क्रिकेटचं तर बोलूच नका, शेवटच्या ओव्हरला आमच्याकडे बीपीची गोळी शोधायची वेळ येते. गाण्याच्या स्पर्धेत तसलं काही नाही. मुखडा, एखादा अंतरा, परीक्षकांचे चार शब्द, झालं. मध्येच उठून गेलात तरी काही अडत नाही, दुसऱ्या खोलीतून पण ऐकू येतं.

आणि एक गंमत आहे, ती मला फार उशिरा कळली. गाणं आपल्या ओळखीचं असतं पण गाणारा अनोळखी असतो. म्हणजे पुढची ओळ काय, अंतऱ्यात सूर कुठे वर चढतो, कुठली हरकत अवघड आहे हे सगळं आपल्याला इतक्या वर्षांच्या ऐकण्याने पाठ असतं, आणि ती मुलगी त्या जागेच्या जवळ यायला लागली की इकडे आपणच श्वास धरून बसतो, आता घेते का, घेते का, आणि बरोब्बर समेवर आली की आपसूक "वा!" निघतं तोंडातून. नाही लागली जागा, तरी आपलं काय जातंय? दिवसभर ऑफिसात प्रत्येक चुकीचं उत्तर आपल्यालाच द्यायचं असतं, इथे चूक दुसऱ्याची असते आणि सोफ्यावर बसून "सुरुवातच जरा वरच्या पट्टीत घेतली हो" असं म्हणायला आपण मोकळे! आमच्या घरात पेटीला कोणी कधी हात लावलेला नाही पण मतं ऐकाल तर वाटेल घराणंच आहे आमचं.

मराठीत २००८-०९ मध्ये झी मराठीवर 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' लागायचं ते बऱ्याच जणांना आठवत असेल. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत. पल्लवी जोशी सूत्रसंचालन करायची, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक. मार्क सुद्धा आकड्यांत नाही तर सरगमच्या स्वरांत. 'ध' मिळाला की 'नी' यावर काय चर्चा व्हायच्या घरोघरी! एरवी टीव्हीकडे पाठ करून बसणारी माणसं पण तेवढ्यापुरती खुर्ची वळवून घ्यायची. पुढे २०२१ मध्ये हीच पाच जण नवीन मुलांसाठी ज्युरी म्हणून बसली तेव्हा उगाचच आपलीच पोरं मोठी झाल्यासारखं वाटलं.

कोण जिंकणार याचं टेन्शन पण मी सोडून दिलंय. २००४ मध्ये 'इंडियन आयडॉल' सुरू झालं आणि अभिजीत सावंत पहिला विजेता झाला तेव्हा काय ते एसएमएस आणि काय ती भांडणं! पण दुसरीकडे अरिजित सिंगचं बघा ना, २००५ च्या 'फेम गुरुकुल'मध्ये तो जिंकला नव्हता, आणि आज कुठे पोचलाय. श्रेया घोषाल मात्र 'सारेगम'च्या मुलांच्या स्पर्धेत जिंकली होती आणि ती पण कुठल्या कुठे पोचली. म्हणजे ट्रॉफीचा आणि पुढच्या आयुष्याचा काही पक्का हिशोब नसतो. मग आपण कशाला रात्री झोप घालवायची? आवडलं गाणं, ऐकलं, विषय संपला.

आता माझी तक्रार काय ती पण सांगते, कारण नुसतं कौतुक करायला पत्र लिहायची गरज नव्हती. जे ऐकायला बसायचं तेच कमी होत चाललंय. आधी मुलाच्या घरच्या परिस्थितीची फिल्म, मग आई स्टेजवर, मग सगळ्यांचे डोळे पुसून होतात, मग पाहुणे आलेल्या सिनेमाचं प्रमोशन, आणि गाणं कसंबसं एक अंतरा. ते गाणं चालू असताना पण कॅमेरा गाणाऱ्यावर कमी आणि परीक्षकांच्या वासलेल्या तोंडावर जास्त. गरिबीतून आलेल्या मुलाचं कौतुक मलाही आहे हो, पण त्याने एवढी मेहनत गाण्यासाठी घेतली ना, मग त्याला गाऊ द्या की दोन्ही अंतरे! प्रत्येक गाण्याला उभं राहून टाळ्या दिल्या तर खरंच चांगल्या गाण्याला काय देणार?

आणि मागे बसलेले वादक. तबला, ढोलकी, बासरी, कीबोर्ड वाजवणारी ही माणसं एकेका भागात सात-आठ वेगवेगळ्या ढंगाची गाणी सांभाळतात, नवखा मुलगा लयीत डगमगला तर त्याला अलगद सावरून घेतात, आणि त्यांच्यावर कॅमेरा जातो तो फक्त ब्रेकच्या आधी. मला तर हल्ली गायकापेक्षा त्यांच्याकडेच बघायला आवडतं.

तुमच्या टीव्हीच्या पानाला पण एक विनंती. कोणत्या भागात कोण रडलं आणि कोणत्या परीक्षकाने काय घातलं होतं हे छापण्यापेक्षा त्या आठवड्यात कोण कसं गायलं याबद्दल चार ओळी कुठल्यातरी जाणकाराकडून लिहून घ्या ना. आणि जमलं तर त्या ढोलकीवाल्याची एक मुलाखत.

आपली,
एक नियमित वाचक