‘भाऊ, तुम्ही वाचता कुठं?’

महोदय,

१२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन आहे. त्या निमित्तानं ग्रंथपालांच्या वेतनाबद्दल, अनुदानाबद्दल पत्रं येतील आणि ती यायलाच हवीत. मला त्यांच्या एका वेगळ्या कामाबद्दल, वाचकाशी बोलून त्याला त्याचं पुस्तक शोधून देण्याबद्दल, लिहायचं आहे, कारण ते कुठल्याच रजिस्टरात चढत नाही.

मी विजेच्या ३३/११ केव्ही उपकेंद्रात यंत्रचालक होतो. रात्रपाळीत दर तासाला फीडरचे, म्हणजे गावांकडे जाणाऱ्या वीजवाहिन्यांचे, आकडे लॉगशीटवर लिहायचे आणि मधल्या वेळात जागं राहायचं. त्यासाठी तालुक्याच्या वाचनालयाचा सभासद झालो आणि दिसेल ती जाडजूड ऐतिहासिक कादंबरी उचलू लागलो. चाळीस-पन्नास पानं झाली की पुस्तक सुटायचं. वाटायचं, आपलं शिक्षण आयटीआयचं, वाचन आपल्याला जमायचं नाही. तिसरं पुस्तक असंच परत केलं तेव्हा ग्रंथपाल बाईंनी त्यातली घडी घातलेली माझी खूण पाहिली आणि विचारलं, “भाऊ, तुम्ही वाचता कुठं?”

मी रात्रपाळीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग दर तासाला उठलं तरी धागा तुटणार नाही असं पुस्तक पाहिजे.” त्यांनी एक कथासंग्रह आणि तीन-चार पानांच्या प्रकरणांचं एक प्रवासवर्णन दिलं. अकराचे आकडे लिहून एक कथा, बाराचे लिहून दुसरी. दोन्ही पुस्तकं आठवड्यात संपली. अडचण माझ्या शिक्षणाची नव्हती, कामाच्या वेळेची होती. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, माझं मलाही कळलं नव्हतं.

पुढं त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. “अर्ध्यावर सोडलेल्या त्या कादंबऱ्यांतलं आठवतंय काय?” मला लढाया आठवत नव्हत्या. गडावर पाणी कसं साठवायचे, तोफ वर कशी चढवायचे, तेवढं आठवत होतं. त्या म्हणाल्या, “म्हणजे तुम्हाला इतिहास नको, काम कसं चालतं ते पाहिजे.” त्या दिवशी किल्ल्यांवरच्या टाक्यांचं पुस्तक मिळालं, मग धरण बांधणाऱ्या एका अभियंत्याच्या आठवणी, आणि नंतर दगड फोडणाऱ्या कुटुंबात वाढलेल्या लेखकाचं आत्मकथन. ते मी कपाटातून कधीच उचललं नसतं. ते वाचल्यावर आमच्या लाइनवर खड्डे खणायला येणाऱ्या माणसांशी माझं बोलणं बदललं.

पुस्तकं विषयवार क्रमांक देऊन लावायच्या ड्यूई दशांश वर्गीकरणात भारताचा इतिहास ९५४ला बसतो, धरणं ६२७ला आणि मराठी साहित्य ८९१.४६ला. ही तीन कपाटं आमच्या वाचनालयात तीन भिंतींना आहेत. माझी आवड या तिन्हींतून जाते हे कुठल्याही तालिकेत लिहिलेलं नव्हतं. ते बाईंना माझ्याशी बोलून समजलं.

त्यांची पद्धत मी वीस वर्षं पाहिली. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या चिठ्ठीवरच्या तारखा त्या वाचायच्या. चार-पाच वर्षं बाहेर न गेलेली पुस्तकं काउंटरशेजारच्या फळीवर काढून ठेवायच्या आणि प्रत्येकासाठी मनात कुणीतरी धरून बसायच्या. रविवारच्या पुरवणीतली परीक्षणं कापून एका वहीत चिकटवायच्या. बाजूला पेन्सिलनं सभासद क्रमांक, म्हणजे हे पुस्तक आलं की कुणाला सांगायचं. फक्त सापांचीच पुस्तकं मागणाऱ्या एका मुलाला त्यांनी कधी अडवलं नाही. सापांची संपल्यावर शेतातल्या उंदरांचं पुस्तक दिलं, मग धान्याचं. तो आज कृषी महाविद्यालयात आहे. एखाद्याला पुस्तक आवडलं नाही तर वाईट न वाटून घेता ‘कुठं कंटाळा आला?’ एवढंच विचारायच्या.

ज्यांच्या जन्मदिनी ग्रंथपाल दिन साजरा होतो ते डॉ. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१मध्ये त्यांची ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री प्रसिद्ध झाली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, ही त्यातली दोन सूत्रं. ती बहुतेक वाचनालयांच्या भिंतीवर फ्रेममध्ये असतात. आमच्या बाई ती काउंटरवर बसून रोज पाळत होत्या.

दोन वर्षांपूर्वी बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी एक तरुण मुलगा मानधनावर आला आहे. झाडलोट, वर्तमानपत्रं लावणं, वर्गणीच्या पावत्या, संगणकात नोंदी हे सगळं तो एकटा करतो. समोर आलेल्या माणसाला तो विचारतो, “पुस्तकाचं नाव?” नाव माहीत नसलेला माणूस दोन मिनिटं घुटमळतो आणि वर्तमानपत्र चाळून निघून जातो. यात त्या मुलाचा दोष नाही. त्याला बाईंसोबत एक आठवडाही बसू दिलं गेलं नाही. कात्रणांची वही रद्दीत गेली.

वाचनालयांच्या कार्यकारिणींना माझी विनंती आहे. ग्रंथपाल निवृत्त होणार असेल तर नव्या माणसाला दोन महिने आधी त्याच्या शेजारी बसवा. संध्याकाळचे दोन तास, देवघेवीच्या वेळी, त्याला दुसरं कुठलंही काम सांगू नका. तपासणीला येणारे अधिकारी ग्रंथसंख्या, सभासद, देवघेव यांचे आकडे पाहतात. त्यांनी पाच मिनिटं काउंटरपाशी उभं राहून वाचकांशी काय बोलणं होतं तेही ऐकावं. आणि संपादक महोदय, आपल्या पुरवणीत नव्या पुस्तकांबरोबर दर आठवड्याला एखाद्या जुन्या पुस्तकाबद्दल लिहा. छोट्या वाचनालयांच्या कपाटात तीच पुस्तकं आहेत.

निवृत्तीच्या दिवशी बाईंनी मला एका कागदावर तीन दाखल क्रमांक, म्हणजे पुस्तकांचे वाचनालयाच्या नोंदवहीतले क्रमांक, लिहून दिले होते. नावं मुद्दाम लिहिली नव्हती. दोन पुस्तकं वाचून झाली. तिसरं नोंदवहीत आहे पण कपाटात सापडत नाही. गेल्या महिन्यात मी तो कागद त्या मुलाला दाखवला. आता गुरुवारी वाचनालय बंद झाल्यावर आम्ही दोघं एकेक फळी तपासतो. शोधताना त्याच्या हाताला लागलेली दोन पुस्तकं तो परवा स्वतःसाठी घरी घेऊन गेला. अजून चार कपाटं बाकी आहेत.

– एक निवृत्त यंत्रचालक, सातारा जिल्हा