चिमटा कपाटातच राहू दे

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

गॅसपुढे बाही पेटून भाजलेल्या हाताचा फोटो पाहिला. आई, कोपराखाली तो काळा टणक तुकडा बसलाय ना, त्याला घरात कुणीही हात लावायचा नाही. बाबा, चिमटा कपाटातच राहू दे.

कारखान्यात तुम्ही सुताचं टोक काडीने पेटवून बघायचात. सुती असलं की कागद जळल्याचा वास आणि भुरभुरीत राख. पॉलिस्टर असलं की आक्रसून, वितळून कडक मणी. आईच्या गाऊनची बाही पॉलिस्टरची होती, तोच मणी तिच्या हातावर आहे. ते वितळतं साधारण २५० अंशांच्या पुढे आणि कातडीला चिकटूनच गार होतं. म्हणून त्याखालची जखम जास्त खोल असू शकते.

ओढलं तर चांगली कातडीही सोलून येईल. पण काकू म्हणतात तसं 'आपोआप पडेल' म्हणून ठेवायचंही नाही. नवी कातडी जखमेच्या कडांकडून आणि आत शाबूत राहिलेल्या केसांच्या मुळांकडून येते. मध्ये असे कण राहिले की ती तिथे अडते, सूज हटत नाही, जंतूंना आसरा मिळतो. काजळी आत राहून वर कातडी आली, तर गोंदल्यासारखा डाग कायमचा. शिवाय त्याच्याआड जखम किती खोल आहे, हे डॉक्टरांना दिसत नाही. उद्याच दाखवा. ते दुखणं कमी करायचं औषध देऊन, धुऊन काढतील. बऱ्याचदा मेलेल्या कातडीबरोबरच ते सुटतं.

नळाला पाणी नसताना पिंपातलं पाणी २० मिनिटं हातावर ओतलंत, हे फार बरं केलंत बाबा. वर हळद, तूप, टूथपेस्ट काही नको. ड्रेसिंगला ते खरवडून काढताना आईचेच हाल.

धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. आईची शुगर वाढलेली राहिली तर जखम रेंगाळेल, तेव्हा तीही तपासून घ्या. ताप, पू, घाण वास किंवा पसरणारी लाली दिसली तर ड्रेसिंगच्या तारखेची वाट बघू नका. ३ आठवड्यांत भरली नाही तर जाड व्रण राहण्याची भीती असते. त्याआधीच सर्जनना दाखवू.

आई, गॅसपुढे यापुढे सुती, घट्ट बाहीचं. सुतीही पेटतं, पण असं वितळून चिकटत नाही. सोलापुरात राहून पॉलिस्टर नेसायचं, हे मला तरी पटत नाही!

आणि भाकरी थापत बसू नकोस. कडक भाकरी विकत आणा, शेंगाचटणी घरात आहेच. मी शनिवारी येतेय.

तुमची,
माई