पाडेलीकाकांना, सुपारीच्या पिशव्यांबद्दल

काका,

सप्रेम नमस्कार.

माझा प्रबंध गेल्या महिन्यात जमा झाला. त्यात आभाराच्या पानावर मार्गदर्शक आहेत, प्रयोगशाळेतले सहकारी आहेत, आई-बाबा आहेत आणि शेवटी 'सहकार्य करणारे बागायतदार व कामगार' अशी अर्धी ओळ आहे. त्या अर्ध्या ओळीत तुम्ही, झाडावर चढून सुपारी उतरवणारे पाडेली, आलात. खर्चाच्या पावत्यांवर तर तुम्ही नुसते 'मजुरी' आहात. ते पान लिहिताना मी घाईत होते हे खरं, पण छापून आल्यावर वाचलं आणि माझं मलाच वाईट वाटलं. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

ज्यांना आपलं काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. गोव्यात फोंड्याकडच्या एका कुळागरात मी दोन पावसाळे पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या झाडाच्या, कोळेरोगाचे नमुने गोळा केले. उंच पोफळी, त्यांच्या अंगावर चढलेल्या मिरवेली, खाली केळी, मधेच एखादं जायफळ आणि पाटातून फिरणारं झरीचं पाणी. मे महिन्यात जिथून उठावंसं वाटत नाही, तीच जागा आषाढात रोगाच्या सोयीची होते. सावली दाट, वारा कमी, ओल हटतच नाही. पाऊस लागला की १५ ते ४५ दिवसांत हिरव्या सुपारीवर पाणी मुरल्यासारखा गडद डाग दिसू लागतो. तो पसरतो, वर पांढरी लव चढते आणि सुपारी गळते. वर्षाचं पीक असं झाडाखाली सडत पडलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना मी वेगळं काय सांगणार?

'कोळे' म्हणजे कन्नडमध्ये कुजणं. म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी १९१० साली या रोगावर सविस्तर लिहिलं, तेव्हा लोकांच्या तोंडचं हेच नाव त्यांनी ठेवलं. रोग करणारा जीव फायटोफ्थोरा. बोलताना आपण त्याला बुरशी म्हणतो, पण तो खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक बुडवणारा त्याचाच भाऊबंद.

पहिल्या पावसाळ्यात हा जीव मला काचेच्या बशीत वाढवायचा होता. तो वेगळा काढल्याशिवाय माझं पुढचं कामच सुरू होत नव्हतं. मला झाडावर चढता येत नाही, म्हणून मी खाली पडलेल्या सुपाऱ्या वेचून न्यायचे. कडेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापायचा, निर्जंतुक करायचा, गाजराच्या आगारवर, म्हणजे रोगजंतू वाढवायच्या जेलीवर, ठेवायचा आणि वाट बघायची. तीन दिवसांनी झाकण उघडलं की कधी फ्युजॅरियम नावाची गुलाबी-पांढरी बुरशी, कधी जिवाणूंचा चिकट थर. सात वेळा असंच झालं. सातव्या वेळेनंतर प्रयोगशाळेतून बसस्टॉपपर्यंत मी रडत गेले, हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पाटाच्या कडेला विडी ओढत बसला होता आणि मी चिखलात वाकून सुपाऱ्या वेचत होते. तुम्ही थोडा वेळ बघितलंत आणि म्हणालात, "वयर पळय बाय, सकयल कितें सोदता?" वर बघ, खाली काय शोधतेस? मग उठलात, पायात दोरीचं वळं अडकवलंत आणि चढलात. खाली आलात तेव्हा कमरेच्या पिशवीत सहा सुपाऱ्या होत्या. दिसायला चांगल्या, टणक, हिरव्यागार. मला वाटलं, काकांना माझं काम कळलेलं नाही. तुम्ही एक सुपारी पंच्याला पुसलीत आणि देठाकडच्या टोपीला लागून अंगठ्याचं नख टेकवलंत. नखाच्या टोकाशी मसुराएवढा डाग होता, तेलाचं बोट लागल्यासारखा. लव नाही, वास नाही. कालचा आहे, परवा नव्हता, असं तुम्ही म्हणालात.

त्या डागाच्या कडेचा तुकडा मी लावला. चौथ्या दिवशी बशीत पांढरी, कापसासारखी वाढ होती आणि सूक्ष्मदर्शकाखाली लिंबाच्या आकाराच्या बीजाणूंच्या पिशव्या. कारण साधं होतं. सुपारी गळून मातीला लागेपर्यंत तिच्यावर मेलेल्यावर जगणाऱ्या बुरशा चढलेल्या असतात. त्या भराभर वाढतात आणि मूळ रोगकारक मागे पडतो. ताज्या डागाच्या कडेवरून नमुना घ्यावा हे माझ्या पुस्तकात होतंच की. पण ताजा डाग जमिनीवरून दिसत नाही, तो बघायला कुणीतरी वर जावं लागतं, हे पुस्तकात नव्हतं.

पिशव्यांचंही तसंच. माझ्या चिठ्ठ्यांवरची शाई पावसात ओघळायची आणि कुठली सुपारी कुठल्या झाडाची ते कळेनासं व्हायचं. तुम्ही काही न बोलता सुंभाचे तुकडे आणलेत. पाटालगतच्या झाडांच्या पिशवीला एक गाठ, मधल्या टप्प्यातल्या झाडांना दोन, वरच्या बांधाला तीन. मागच्या वर्षीचे वाळलेले घड ज्या झाडाच्या शेंड्यात राहिले होते, त्याच्या पिशवीला तुम्ही वेगळा फासा घालायचात. तो फासा कशासाठी ते मी महिनाभर विचारलंच नाही. विचारलं तेव्हा कळलं, रोग त्याच झाडांवर आधी दिसतो असं तुमचं म्हणणं होतं. जुन्या घडांमध्ये रोगाचं बीज टिकून राहतं, हे शास्त्रही सांगतं. तुम्ही नमुने नव्हता आणत, काका. निरीक्षणं बांधून आणत होता. मी त्यांची वहीत मांडणी केली.

या रोगावर फवारायच्या बोर्डो मिश्रणाबद्दल तर तुमचे पाय धरले पाहिजेत. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी, हे प्रमाण मला पाठ होतं. बनवताना बघितलं ते तुमच्याकडेच. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपांत कालवायचं, मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळू ओतायचं आणि ज्या दिवशी केलं त्याच दिवशी संपवायचं. मग दगडावर घासून लखलखीत केलेलं कोयत्याचं पातं तुम्ही त्यात बुडवलंत आणि उन्हाकडे धरलंत. पात्यावर तांबूस झाक आली. मोकळं तांबं राहिलंय, पानं करपतील, म्हणून आणखी चुना. पुन्हा घासलंत, पुन्हा बुडवलंत. पातं पांढरं निघालं तेव्हाच तुम्ही पंपाला हात लावू दिलात.

आणि फवारा घडाला लागला पाहिजे, पानाला नव्हे. खालून मारलेलं पाणी उंच पोफळीच्या घडापर्यंत नीट पोचत नाही. तुम्ही वर राहून एका झाडाचा शेंडा झुकवून दुसऱ्या झाडावर जाता तेव्हा मी अजूनही श्वास धरते. आज पाडेली मिळत नाही ही तक्रार गोव्यात घरोघरी ऐकू येते. नव्या औषधांवर संशोधन व्हावंच, मीही तेच करणार आहे. पण चढणारं माणूस मिळेनासं झालं तर ते औषध घडाला लावणार कोण, हा प्रश्नसुद्धा वनस्पती संरक्षणाचाच आहे असं मला वाटतं. पुढच्या प्रकल्पाच्या अर्जात मी तो लिहिला आहे.

एक गोष्ट राहिली. दुसऱ्या वर्षी पुष्य नक्षत्रात सलग पाऊस लागला होता. दर सात दिवसांनी नमुना घ्यायचा हा माझा नियम. तुम्ही खोडावरच्या शेवाळावरून तळवा फिरवलात आणि आज नाही म्हणालात. मी आग्रह केला. माझा आवाज चढला. तुम्ही शांतपणे कोयता कमरेला लावून निघून गेलात, आणि तीन दिवसांनी उघडीप मिळताच पहाटे येऊन चढलात. त्या दिवशी मी तुमची माफी मागितली नव्हती, ती आज मागते. माझ्या आलेखात त्या आठवड्याची जागा रिकामी आहे. तोंडी परीक्षेत मला तिथे काय झालं असं विचारलं. मी म्हटलं, झाड ओलं होतं, पाडेली चढले नाहीत, आणि ते बरोबर होते.

या वर्षी मृगाच्या आधीच येईन, पहिल्या फवारणीला. मोरचूद आणि चुना मी घेऊन येते, कोयता तुमचा. सुंभही आणते आहे. या वेळी गाठी मी बांधून बघते, चुकल्या तर सोडून परत बांधायला लावा.

तुमची,
बाय