‘जा, बोल ना’ म्हटल्याने मैत्री होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांच्या मार्कांवर, मोबाईलवर, दप्तराच्या ओझ्यावर पेपरात बरंच काही येतं, पण मधल्या सुट्टीत एकट्या पडणाऱ्या मुलाबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी आठवी-नववीला शिकवते. दरवर्षी वर्गात असं एखादं तरी मूल असतंच, ज्याला बोलायचं असतं, अगदी मनापासून असतं, पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.

एक मुलगा होता आमच्याकडे. सुट्टीची बेल झाली की बाटली घेऊन नळावर जायचा, रांगेत उभा राहून भरायचा, दोन घोट प्यायचा, उरलेलं पाणी ओतून द्यायचा आणि परत रांगेत. मला वाटायचं तहान लागत असेल पोराला. बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं की रांगेत उभं राहिलं की आपण एकटे दिसत नाही, काहीतरी कामात आहोत असं दिसतं, त्यासाठी चाललेली ही सगळी धडपड. रोज अर्धा तास! आणि मी काय केलं, तर भर वर्गात म्हटलं, "अरे, याला कुणीतरी घ्या रे तुमच्यात." त्याचे लाल झालेले कान मला अजून दिसतात. पुढचा आठवडाभर तो सुट्टीत वर्गाबाहेरच आला नाही. चूक माझी होती, चांगल्या हेतूने केली म्हणून ती लहान होत नाही.

आपण मोठी माणसं सांगतो काय, तर जा, नाव सांग, मिसळ सगळ्यांत. पण जी मुलं सहज मिसळतात ती काय करतात हे एकदा नीट बघा. चालू गप्पांमध्ये घुसून कुणीच आपलं नाव सांगत नाही. आधी जरा आसपास रेंगाळतात, विषय काय चाललाय ते ऐकतात, मॅचचं असो नाहीतर गेमचं, आपल्याला त्यातलं काही माहितीये का बघतात आणि बोलणं जरा थांबलं की त्याच विषयावर एक छोटंसं वाक्य टाकतात. समोरच्यांनी वळून बघितलं, जरा सरकून जागा दिली, तर थांबायचं. नाही दिली तर गुपचूप निघायचं, सगळ्यांचंच कधी ना कधी असं होतं. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एलिझाबेथ लॉजसन आणि फ्रेड फ्रँकेल यांनी किशोरवयीन मुलांसाठी ‘पीअर्स’ नावाचा कोर्स तयार केलाय, सुरुवातीला ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांसाठी, त्यात हेच एकेक पायरी करून शिकवतात आणि आईवडिलांचा वर्ग त्याच वेळी वेगळा घेतात. त्यातली एक गोष्ट मला फार पटली. कुणी चिडवलं तर आपण सांगतो, लक्ष देऊ नको. तिथे शिकवतात की "बरं मग?" एवढंच म्हणायचं, वैतागल्यासारखं, आणि बाजूला व्हायचं. चिडवणाऱ्याला तुमचं रडणं किंवा चिडणं हवं असतं, तेच मिळालं नाही की मजा जाते. (मारहाण किंवा धमकी असेल तर मात्र गप्प बसायचं नाही, लगेच मोठ्यांना सांगायचं.)

आणि वेळ लागतो हो! कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी मोठ्या माणसांचा अभ्यास केला, त्यात साधी ओळख जुजबी मैत्रीपर्यंत यायलाच साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात आणि जिवलग मैत्रीला २०० च्या वर. आता हिशोब करा, अर्ध्या तासाची सुट्टी रोज त्याच एका मुलाबरोबर गेली तरी ५० तास व्हायला शाळेचे १०० दिवस लागतील, आणि आपण दुसऱ्याच आठवड्यात विचारतो, "झाले का मित्र?"

मग मी त्या नळावरच्या मुलाला आणि दुसऱ्या एका मुलाला मंगळवार-शुक्रवार लायब्ररीत पुस्तकांवर नंबरांची लेबलं लावायचं काम दिलं. पहिले तीन आठवडे "पुढचा नंबर सांग" यापलीकडे बोलणं नाही. मग एक दिवस शनीच्या चंद्रांवरून जुंपली, पुस्तकात १८ लिहिलेत, दुसरा म्हणतोय ते पुस्तक जुनंय, आता शंभराच्या वर गेलेत. मी दारातूनच परत फिरले. हातात काम असलं की नजर कुठे ठेवायची हा प्रश्न सुटतो, गप्प बसलं तरी अवघड वाटत नाही.

अशा मुलांना वाटत असतं की सगळे आपल्याकडेच बघतायत. २००० साली मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टीशर्ट घालून खोलीत पाठवलं, त्यांना वाटलं निम्म्या जणांनी तरी बघितला असणार, प्रत्यक्षात साधारण चौथ्या हिश्श्याच्याच लक्षात आला. हे मी आता दरवर्षी वर्गात सांगते, कुणाचंही नाव न घेता.

शिक्षकांना माझं कळकळीचं सांगणं, "आपापले ग्रुप करा" हे वाक्य कृपा करून बंद करा. त्या दोन मिनिटांत कोण उरलंय ते सगळ्या वर्गाला दिसतं. जोड्या आपणच पाडाव्यात आणि महिना-दोन महिने त्याच ठेवाव्यात. पालकांनो, तुमचं मूल एकाच मित्रात खूश असेल तर त्याला बडबडं करायच्या मागे लागू नका. पण शाळेच्या नावाने रोज पोटात दुखत असेल, जायचंच नाही म्हणत असेल, तर ‘लाजाळू आहे’ म्हणून सोडून देऊ नका, समुपदेशकाला भेटा.

नव्या वर्गाची यादी हातात आली की पहिल्याच आठवड्यात मी नळाजवळची रांग बघणार आहे. बाकीच्या शिक्षकांनीही आपापल्या शाळेत बघावी, एवढीच विनंती.

आपली,
एक वर्गशिक्षिका