डाव्या हाताचं काम

मिरज,
रविवार दुपार

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू नव्या कीबोर्डबद्दल "वायर लावली, दिवे लागले, पण आवाजाच्या नावानं बोंब" म्हणालास आणि मला इतकं हसू आलं की हिने आतून विचारलं, काय झालं म्हणून. तुला नाही हसलो. दोन महिन्यांपूर्वी मीही असाच बसलो होतो. मांडीवर एकोणपन्नास पट्ट्यांचा कीबोर्ड, समोर पोराचा जुना लॅपटॉप आणि घरात चिडीचूप. हे फोनवर सांगायला गेलो तर तू दर दोन वाक्यांनी "थांब थांब" करशील, म्हणून लिहितोय. पत्र लॅपटॉपशेजारी ठेव आणि वाचत वाचत कर.

आधी डोक्यातून एक काढून टाक, हा कीबोर्ड म्हणजे आपली पेटी नव्हे. त्याच्या पोटात एकही सूर नाही. तू पट्टी दाबलीस की ती नुसता निरोप धाडते: अमुक नंबरची पट्टी, इतक्या जोराने, खाली गेली. बोट उचललंस की दुसरा निरोप: सुटली. या निरोपांच्या भाषेचं नाव मिडी. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात सीक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ असे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरीने जोडून दाखवले होते. बोटं एकावर, सूर दुसऱ्यातून. आपण दोघं तेव्हा गुरुजींकडे अलंकार घोटत असू. भाषा अजून तीच चालते. पट्ट्यांना ० ते १२७ नंबर आहेत. मधली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक ६१. इंग्रजी नावाने शोधायला जाऊ नकोस, कारण तीच पांढरी एक एका सॉफ्टवेअरमध्ये सी-३ असते आणि दुसऱ्यात सी-४. माझा अख्खा एक तास त्यात गेलाय.

आता तुझी वायर बघ. माझे पहिले दोन दिवस वायरीनेच खाल्ले. डब्यातली वायर आखूड पडली म्हणून मी मोबाइलच्या चार्जरची लांब वायर लावली. कीबोर्डचे दिवे लागले, मग वायरीवर संशय कशाला येतोय? लॅपटॉप मात्र त्याला ओळखच देईना. पोरगा शनिवारी पुण्याहून आला, वायर हातात घेऊन म्हणाला, "बाबा, ही नुसती वीज नेते." अशा वायरी असतात लेका, ज्यांत निरोपाच्या तारा घातलेल्याच नसतात. तेव्हा पहिल्यांदा डब्यातली वायर लाव.

मी रीपर नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरतो. साठ दिवस फुकट वापरून बघता येतं आणि जुन्या लॅपटॉपवरही बरं चालतं. कीबोर्ड आधी जोड, मग रीपर उघड. प्रेफरन्सेसमध्ये मिडी इनपुट्सची यादी आहे. तिथे तुझ्या कीबोर्डचं नाव दिसेल, त्याला चालू कर. मग इन्सर्ट मेनूतून व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंटचा नवीन ट्रॅक घे आणि रीसिंथ नावाचं वाद्य निवड. ते रीपरबरोबरच येतं. आवाज पीं पीं आहे, पण आपल्याला आधी जीव आहे का तेवढंच बघायचंय. ट्रॅकवरचं लाल बटण लागलेलं हवं आणि पट्टी दाबल्यावर शेजारचा मीटर हलायला हवा. मीटर हलतोय पण ऐकू येत नाही, तर घोटाळा स्पीकरच्या बाजूला. मीटरच हलत नसेल तर निरोप पोचत नाहीये, परत वायर आणि ती यादी बघ. एवढं कळलं की निम्मी डोकेदुखी संपते.

खरी पेटी ऐकायची तर पेटीचे नमुने लागतात, म्हणजे कोणीतरी एकेक सूर रेकॉर्ड करून ठेवलेला असतो. त्याला साउंडफाँट म्हणतात. प्लोग कंपनीचं सफोर्झांडो हे फुकटातलं वाद्य घे आणि फाँटची फाइल त्यावर ओढून टाक. फाँट शोधताना दोन-तीन ऐकून बघ, काही अगदी बँडवाल्याच्या अकॉर्डियनसारखे निघतात. माझ्याकडचा मी तुला पेनड्राइव्हवर पाठवतो.

आणि तो गळ्यात अडकवायचा ब्लूटूथ हेडफोन काढून ठेव! माझं बोट पडायचं आणि सूर मागाहून यायचा. मला वाटलं वय झालं. ब्लूटूथमध्ये शे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात, तेवढ्यात द्रुत तीनतालाची अर्धी मात्रा उलटते. वायरवाला हेडफोन लाव. विंडोजवर एसिओ-फोर-ऑल नावाचा ड्रायव्हर टाक आणि बफर, म्हणजे लॅपटॉप आवाज एकदम किती साठवून सोडतो तो आकडा, १२८ ठेव, की उशीर जेमतेम तीन मिलिसेकंदांवर येतो. १०२४ वर तो तेवीस असतो आणि बोटांना तो कळतो. १२८ वर खरखर आली तर २५६ कर, फार हट्ट धरू नकोस.

इथपर्यंत कोणीही सांगेल. खरी गंमत पुढे झाली.

सगळं जमल्यावर मी पहिल्यांदा यमन वाजवायला बसलो. नि रे ग, आणि थांबलो. काहीतरी विचित्र वाटत होतं. एक सूर मोठा, एक बारीक, एक मध्येच दचकल्यासारखा. पेटीवर तू पट्टी हळू दाब नाहीतर आपट, सूर भात्याच्या हवेनेच येतो. इथे जोराचा आकडा निरोपात जातो आणि आपल्या बोटांना तर त्याचं वळणच नाही. अनामिका दुबळी, अंगठा दांडगट, सगळी चाळीस वर्षांची चोरी उघड्यावर आली. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जोर कायमचा एकच ठेवायची सोय असते. मी १०० ठेवला. सूर सारखे झाले, पण मेले. आणि डावा हात? तो नुसता मांडीवर पडून. मधूनच हवेत उघडझाप करायचा. हिने बघितलं आणि म्हणाली, माशा मारताय का?

डाव्या हाताला काम द्यायलाच हवं होतं. कीबोर्डच्या डाव्या टोकाला दोन चाकं आहेत बघ. एक सोडलं की आपोआप मध्यावर येतं, ते सूर वर-खाली करायचं. दुसरं जिथे सोडाल तिथेच राहतं. हे दुसरं मी भाता म्हणून फिरवून पाहिलं, तर सूर थरथरायला लागला, सर्कशीत हत्ती येताना वाजतो तसा. कारण ते चाक कंट्रोल नंबर १ चे निरोप पाठवतं आणि साउंडफाँटमध्ये १ म्हणजे कंप. आवाजाच्या चढउताराचा नंबर ११, त्याला एक्स्प्रेशन म्हणतात. कीबोर्डच्या कंपनीचं एक एडिटर सॉफ्टवेअर असतं, त्यात त्या चाकाचा १ खोडून ११ लिही आणि कीबोर्डमध्ये सेव्ह कर. कंपनीने एवढी साधी गोष्ट माहितीपुस्तिकेत अशी लपवलीये की काय सांगू!

ते केलं, डावा अंगठा चाकावर ठेवला, परत नि रे ग. बाळ्या, अंगावर काटा आला. गंधारावर हवा भरत भरत नेली, मग हळूच कमी केली, आणि पेटी बोलली. एकच खोट आहे. आपला भाता थांबला की हवा आपली आपण उतरते, हे चाक तिथेच अडून राहतं. सूर सोडताना ते आठवणीने खाली आणावं लागतं. आठवडाभरात सवय होते.

आता ते आपोआप मध्यावर येणारं स्प्रिंगवालं चाक, ते म्हणजे आपल्या पेटीला जन्मात न मिळालेली चीज. मींड! एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं! आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दारातच उभं केलं नव्हतं, त्यामागे मींड निघत नाही ही मोठी तक्रार होती. या चाकाची ओढ बहुतेक वाद्यांत आधी दोन अर्धस्वरांची, म्हणजे सा वरून शुद्ध रे पर्यंत जाते, ग पर्यंत नाही. वाद्याच्या सेटिंगमध्ये ती वाढवता येते. पण खरं सांगू? पेटीच्या आवाजात मींड काढली की कानाला खोटी वाटते, मांजराचं शेपूट ओढल्यासारखी. मी दोन दिवस खेळलो आणि सोडून दिलं. शिवाय एकाच अंगठ्याने भाता आणि मींड कशी सांभाळणार?

कधी एखादा सूर अडकून बसेल. "सुटली" हा निरोप वाटेत हरवतो आणि पंचम वाजतच राहतो. घाबरून लॅपटॉप बंद करू नकोस. रीपरच्या अॅक्शन्सच्या यादीत सगळ्या नोट्स ऑफ करायचा हुकूम आहे, तो दे. मी मात्र एकदा त्या अडकलेल्या पंचमावरच दहा मिनिटं भूप वाजवला.

आता मूळ सांगायचं ते. रेकॉर्ड झाल्यावर त्या तुकड्यावर डबल क्लिक केलंस की एडिटर उघडतो. वर पट्ट्यांच्या आडव्या विटा दिसतात आणि खालच्या रकान्यात कंट्रोल ११ निवडलास की तुझा भाता दिसतो. अक्षरशः दिसतो, टेकड्यांसारखा. मी यमनातल्या बंदिशीचा माझा मुखडा असा उघडला आणि बघत बसलो. दर आवर्तनाला, बरोब्बर समेवर, पहिल्याच मात्रेला, खड्डा. ८५-९० वरून एकदम ४०. पुढच्या मात्रेला परत वर. एकदा नाही, अकराच्या अकरा आवर्तनांत. आठवतंय, गुरुजी काय ओरडायचे? "सम आली की हात सोडतोस, मड्या!" मी प्रत्येक वेळी मनात म्हणायचो, कुठे सोडतोय? तू तर हळूच माझ्याकडे बघून हसायचास. म्हणजे तुला ऐकू यायचं ना रे? मग बोलला का नाहीस कधी?

पेनड्राइव्हवर फाँटशेजारी माझ्या मुखड्याची मिडी फाइल टाकतोय. काही केबींचीच आहे, कारण त्यात आवाज नाही, नुसते निरोप. काळी एकमध्ये आहे. तुझ्या ट्रॅकवर टाकलीस की माझी बोटं तुझ्या घरात वाजतील. त्यातला ११ चा रकाना पूर्ण पुसून टाक, तुझा भाता त्यावर रेकॉर्ड कर आणि मला परत पाठव. समेवर तुझा हात काय करतो, ते मला बघायचंय.

पण आधी वायर बदल आणि मीटर हलला का ते कळव.

वहिनींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

तुझा,
नाना