एका लांबलचक शब्दाबद्दल मित्रास पत्र

परभणी

प्रिय दोस्ता,

तुझ्या पोरीनं फोनवर तो शब्द एका दमात म्हणून दाखवला अन् मी चाटच पडलो. फ्लॉक्सिनॉसिनायहिलिपिलिफिकेशन! इंग्रजीत 29 अक्षरं. शशी थरूरांनी 2018 मध्ये आपल्या पुस्तकाबद्दल ट्विट करताना तो वापरला, तेव्हापासून बरीच पोरं तो पाठ करतात. अर्थ कोण विचारतो? तिनं विचारला, म्हणून हे पत्र.

अर्थ एवढाच, की एखाद्या गोष्टीला कवडीमोल ठरवणं. इंग्लंडात ईटनच्या शाळेत जे लॅटिन व्याकरण शिकवत, त्यात 'अमुक गोष्ट मी कस्पटासमान लेखतो' असं म्हणायला चालणाऱ्या शब्दांची यादी होती. त्यातले फ्लॉकी, नॉकी, निहिली, पिली असे चार शब्द कुणीतरी ओळीनं जोडले अन् मागं शेपूट लावलं. मला तर हा शाळकरी चावटपणाच वाटतो. विल्यम शेनस्टन या कवीच्या 1741 च्या पत्रात तो आहे. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटनं 1829 मध्ये रोजनिशीत लिहिला, तोही 'नॉ'च्या जागी 'पॉ' करून. तेव्हा पोरगी अडखळली तर रागावू नको.

नॉकी म्हणजे क्षुल्लक वस्तू, निहिली म्हणजे काहीच नाही, पिली म्हणजे केस. मला भावला तो पहिला, फ्लॉकी. लोकरीचा पुंजका! रोमन माणूस म्हणायचा, मी तुला पुंजक्याइतकंही मोजत नाही.

गेल्या हंगामात मी कापसाची गाडी घेऊन मोंढ्यात, म्हणजे बाजारात, उभा होतो. व्यापाऱ्यानं ढिगात हात घातला, एक बोंड उचललं, सरकीवरून चिमटीनं धागा ओढला, उजेडात धरून तोडला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "कवडी लई हाय," म्हणाला, अन् तो पुंजका पायाशी टाकून पुढच्या गाडीकडं गेला. खरं तर कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस, मी वेचतानाच बाजूला काढला होता. भाव पाडायचा असला की हेच ऐकावं लागतं. त्याला 29 अक्षरं लागली नाहीत, दोन बोटांत काम झालं. म्हणून वाटतं, खरा तुच्छतावाला माणूस हा शब्द वापरणारच नाही. एवढं लांब बोलायचं म्हणजे समोरच्याला थोडीफार किंमत दिल्यासारखंच की!

पोरीला सांग, स्पर्धेत म्हणताना पहिला दम 'नॉसि'नंतर घे. तूर चांगली आहे. वहिनींना नमस्कार. हुरड्याला सगळ्यांनी या, अन् येताना माझं ते जुनं शब्दकोशाचं पुस्तक आण, फार वर्षं ठेवलंस.

तुझाच,
मोंढ्यातला दोस्त